सोन्याच्या तारेतली शिल्लक

अहो,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. आज सकाळच्या गाडीनं अकोल्याहून अमरावतीला परत आले, दार उघडलं, पिशवी भिंतीशी टाकली आणि तशीच मागच्या खोलीत तुमच्या टेबलाशी येऊन बसले. चूळसुद्धा भरलेली नाही. हे कुणाला तरी सांगितलं नाही तर मला ओकारी होईल. पण सांगू कुणाला? ज्या एका माणसाला हे सगळं समजलं असतं, त्याचंच तर काल श्राद्ध होतं!

तुमचे काका पंगतीत मधोमध बसले होते. अकोल्याच्या जुन्या शहरात ज्यांच्यावाचून कुणाचं लग्न लागत नाही आणि कुणाला धड अग्नीही मिळत नाही, असे आपले काका. मी स्वयंपाकघराच्या दारातून वाढप्यांच्या हाती वडे देत होते. काकांचा पाचवा का सहावा वडा चालला होता. बोटांवरून खीर ओघळत होती आणि तशा हातानं ते शेजारच्याला सांगत होते, "आमच्या विनूले सात ठिकाणी सोनं लावून पाठवलं मी! चौदा क्यारेटचं नाही, शंभर नंबरी! असं भाग्य कोनाले मिळते?" शेजारचा म्हणाला, "वा, वा!" अजून कुणीतरी म्हणालं, "पुण्यवान माणूस." मी वड्यांची परात खाली ठेवली आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथंही त्यांचं हसणं ऐकू येत होतं.

तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुमच्या तोंडात काय घातलं गेलं, हे तुम्हाला कोण सांगणार? म्हणून मी सांगते.

ती तुमची तार होती.

हो, तीच! मुंबईच्या प्रयोगशाळेतून हातापाया पडून आणलेली, केसाहून थोडी जाड, जगातल्या कुठल्याही देवाच्या मुकुटात नसेल इतकी शुद्ध सोन्याची तार. काचेच्या चौकटीवर सैल अडकवून, धूळ बसू नये म्हणून हंडीखाली झाकून ठेवलेली. तुम्ही आजारी पडलात तेव्हा तिचं एकच काम उरलं होतं.

तुम्हाला आठवतं, तिवस्याला माझ्या मावसभावाच्या मुंजीत तुम्ही मला हा सगळा प्रकार पहिल्यांदा समजावून सांगितला होता? लग्नाला पुरते सहा महिने झाले नव्हते. लोकांच्या नव्या बायकांना नवरे गजरे आणून देतात, तुम्ही मला पंगत दाखवलीत! म्हणालात, समज, ही माणसं म्हणजे सोन्यातले अणू. ओळीनं बसलेले. मधूनच एकजण उठून गेला. जागा रिकामी झाली. शेजारचा सरकून तिथं बसला, मग त्याची जागा रिकामी झाली, त्याच्या पलीकडचा सरकला. माणसं एकेकच जागा सरकतात, पण रिकामी जागा मात्र चालत चालत पंगतीच्या टोकाला पोचते आणि तिथं संपते. टोकाला रिकामी जागा म्हणजे जागाच नाही! मी विचारलं, "पण माणसं उठतात कशाला?" तुम्ही म्हणालात, "उकाड्यानं." आणि स्वतःच इतके हसलात की मठ्ठ्याचा पेला कलंडला.

सोनं लालकेशरी होईपर्यंत तापवलं की उकाड्यानं हजारो अणूंमागे एखादी जागा अशी रिकामी होते. हळू गार होऊ दिलं तर त्या जागा चालत जाऊन टोकाला संपतात. पण एकदम गार पाण्यात टाकलं, तर चालायला वेळच मिळत नाही, जिथल्या तिथं अडकतात. मग तारेतून वीज जाताना त्या आडव्या येतात आणि तारेचा रोध किंचित वाढतो. त्यानंतर अंघोळीच्या पाण्याहून थोडी जास्त अशी ऊब द्यायची. जागा पुन्हा चालू लागतात, संपत जातात, रोध उतरतो. तो किती वेळात किती उतरला, यावरून आत काय चाललंय ते कळतं. तुमचा सगळा उद्योग एवढाच होता! एवढ्यासाठी मी दोन वर्षं शाळेत शिकवून आले की पदर खोचून अंधाऱ्या खोलीत बसायची आणि रोध मोजायच्या यंत्राच्या पट्टीवर सरकणारा उजेडाचा ठिपका वाचायची. तुम्ही विचारायचे, "किती?" मी सांगायची. तुम्ही म्हणायचे, "नीट बघ." मी नीटच बघत होते हो!

बर्फाच्या भांड्यात दोन तारा असायच्या. एक पाण्यात टाकलेली, एक न टाकलेली, दोन्ही एकाच रिळाच्या. बर्फ थोडा वितळला, थंडावा इकडचा तिकडे झाला तरी दोघींवर सारखाच परिणाम, म्हणून फरक तेवढा खरा. ही युक्ती तुमची. ती मला फार आवडायची, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

रोध उतरत गेला. आधी भराभर, मग रेंगाळत, मग थांबला. पण पहिल्या जागी आला नाही! थोडी शिल्लक राहिलीच. तुम्ही खोलीत येरझारा घालत म्हणत होतात, "सगळ्या संपल्या नाहीत. काही जागा टोकाला गेल्याच नाहीत, वाटेत एकमेकींना भेटल्या आणि तिथंच गोळा होऊन बसल्या!" नागपूरचे तुमचे सर, म्हणजे तुमचे मार्गदर्शक, म्हणाले, "छे, तार पाण्यात टाकताना ताणली गेली असणार. ताणली की बारीक होते, बारीक झाली की रोध वाढतो. तुमची शिल्लक म्हणजे हाताची चूक."

यावर तोडगा एकच, आणि तो तुम्हीच काढला होता. तार पुन्हा लाल करायची आणि या वेळी अगदी हळू गार होऊ द्यायची. जागा गोळा होऊन बसल्या असतील तर एवढ्या उष्णतेत त्यांचे गोळे मोडतील, शिल्लक जाईल. तार ताणलेली असेल तर ती काही पुन्हा जाड होणार नाही, शिल्लक तशीच राहील. एक वाचन! फक्त एक वाचन बाकी होतं. आणि तुम्ही विषमज्वर घेऊन आलात. "मी उठलो की करू," म्हणालात. मी म्हटलं, "मी करते." तर म्हणालात, "तू हात लावू नकोस."

लावला नाही. बसले तुमच्या उशाशी.

तुम्ही पहाटे गेलात. सकाळी बर्फाच्या कारखान्यातला माणूस नेहमीसारखी लादी घेऊन दारात उभा. त्याला बंद करा म्हणून सांगायचं राहिलंच होतं. अकोल्याची मंडळी बडनेऱ्याला गाडी चुकल्यामुळे दुपारपर्यंत येणार नव्हती, उन्हाळा तर मी म्हणत होता. मग शेजाऱ्यांनी तीच लादी फोडली आणि गोणपाटात घालून तुमच्या दोन्ही अंगांना लावली. मी बघत होते. ज्या बर्फात तुमच्या तारा बुडायच्या त्याचं पाणी फरशीवरून वाहत उंबऱ्यापर्यंत आलं आणि लोक त्यातून चपला वाचवत चालत होते.

मग काका आले. आल्या आल्या पहिला प्रश्न, "सोनं आहे काय?" सात छिद्रांवर सोन्याची सात शकलं ठेवायची असतात म्हणे, तोंड, नाकपुड्या, डोळे, कान. मी हातातली बांगडी काढायला लागले. काकांनी हात झटकला. "त्यात तांबं असते." सराफ्यात माणूस धाडला. तर सरकारचा नवा कायदा आलेला, चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायची बंदी, सराफ दारं ओढून बसलेले. काकांचा संताप अनावर झाला. पुतण्या मेल्याचं दुःख एकीकडे आणि शास्त्राला भेसळ चालत नाही याचा ताठा एकीकडे. आणि मग ते हात धुवायला म्हणून मागच्या खोलीत गेले.

तुम्ही हसाल. अख्ख्या अमरावतीत त्या दिवशी सगळ्यात शुद्ध सोनं कुठं होतं? तुमच्याच टेबलावर! काकांनी ते बरोब्बर हुडकलं.

नंतर त्यांनीच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, त्यांनी कमरेच्या चंचीतून अडकित्ता काढला. सुपारीचा भुगा चिकटलेला, पानाच्या लालीनं माखलेला तो अडकित्ता! ज्या तारेला बोट लागू नये म्हणून तुम्ही चिमट्यानं धरायचात, ती त्यांनी उपरण्याला पुसली, कटाकट सात तुकडे केले, प्रत्येक तुकडा थुंकीच्या बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि बाहेर आले. त्यांच्या दुसऱ्या हातात रिकामी काचेची चौकट बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ओरडले. "ती तार ठेवा! ती तार ठेवा!" काय ओरडले असेन, घसा बसला. दोघीतिघींनी मला दंडाला धरलं. तोवर त्यांनी तुमचे ओठ विलग केले होते.

माझ्या मागं एक बाई दुसरीला म्हणाली, "पाह्य न, नवरा गेला तं रडली नाही, सोनं गेलं तं रडून राहिली."

अहो, गेलं वर्षभर अकोल्यात माझी हीच ओळख आहे. नवऱ्याच्या तोंडातलं सोनं मागणारी बाई! काल श्राद्धालासुद्धा दोघीजणी माझ्या रिकाम्या गळ्याकडे बघून कुजबुजल्या. मी त्यांना काय सांगायचं? अणूंची पंगत?

तिसऱ्या दिवशी पुरुष रक्षा सावडायला गेले. मी तुमच्या धाकट्या भावाला बाजूला घेऊन म्हटलं, "भावजी, तुकडे सापडले तर आणा. एखादा जरी." तो बिचारा कबूल झाला. काकांनी ऐकलं. "स्मशानातलं सोनं घरात आनतं? सूनबाई, किळस येत नाही काय तुले?" मग सगळं नदीत गेलं.

किळस! हा शब्द त्यांनी मला ऐकवला. मला किळस आली ती त्या अडकित्त्याची, त्या "पाह्य न"ची, आणि नंतर तुमच्या कॉलेजात भरलेल्या शोकसभेची. काय ते हार, काय ती भाषणं! जे प्राध्यापक तुम्हाला पाठीमागे "सोनार" म्हणून हिणवायचे, ते डोळ्यांना रुमाल लावून सांगत होते की विज्ञानाचा एक तारा निखळला. तुम्ही असतात तर माझ्या कानात म्हणाला असतात, रुमाल कोरडा आहे बघ. कोरडाच होता. मी बघितला.

त्या सभेत नागपूरचे सरही बोलले. तुमचं अपुरं काम आपण पुरं करणार म्हणाले. टाळ्या पडल्या. नंतर बाहेर व्हरांड्यात मला म्हणाले, "वहिनी, त्यांचा निबंध आपण छापू. त्यांच्याच नावानं. तेवढी ती शिल्लक वगळू, म्हणजे सगळं स्वच्छ दिसेल. हीच त्यांना श्रद्धांजली."

मी म्हटलं, "ती शिल्लक वगळली तर त्यांचं राहिलं काय त्यात?"

"वहिनी, मी तुमच्या भावना समजू शकतो."

"भावना नाही हो, मी आकडे वाचलेत! नाव त्यांचं छापायचं तर म्हणणंही त्यांचंच छापा."

यावर ते जे बोलले ते खरं होतं, याचीच मला जास्त चीड आली. "शेवटचं वाचन असतं तर छापलं असतं. ते नाही. मग ती चूक नव्हती हे मी कशावरून म्हणू?" वर्षश्राद्धापर्यंत थांबतो म्हणाले, मग पाठवून देतो. म्हणजे येत्या दिवाळीच्या आत तुमच्या नावाखाली असं काहीतरी छापून येणार, जे तुम्ही जिवंत असताना कधी मानलं नसतं. मेल्यावर माणसाच्या तोंडात काय काय घालतात!

आता एक तुमच्यावरचाच राग. रागावते, ऐकून घ्या. तुम्ही मला तार पाण्यात टाकू का दिली नाहीत? वाचायला मी चालत होते, बर्फ फोडायला चालत होते. टाकायची वेळ आली की, "तुझा हात थरथरेल." आणि त्या दिवशी, शेवटची तार टाकलीत तेव्हा, चौकट भांड्याच्या काठाला टेकल्यासारखी मला वाटली. मी विचारलं, "अडकली का हो?" तुम्ही खेकसलात, "नाही! काहीतरी बोलू नकोस." इतकं खेकसण्याजोगं काय होतं त्यात? नव्हती अडकली तर हसून नाही म्हणायचं. मला अजून माहीत नाही, अडकली होती की नव्हती. वर्षभर मी तो क्षण आठवून बघते आणि प्रत्येक वेळी वेगळंच दिसतं.

काल पंगत उठल्यावर काका ओट्यावर माझ्यामागे आले. हात धुतलेले, पण मिशीला खीर तशीच. "काहून उठून गेली, सूनबाई? माणसं पाहून राहिली होती."

मग मी सांगितलं. सगळं. तुम्ही मला सांगितलंत तसंच, त्यांच्याच पंगतीकडे बोट करून. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तार लाल करायची आणि हळू गार होऊ द्यायची राहिली होती, इथवर आले तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "मंग झालंच न! चितेत लाल झाली, अन् राखेत रात्रभर हळूहळू थंडी झाली. तुमचं काम तं मीच करून देल्लं!"

आणि अहो, ते खरं आहे. तुमचा प्रयोग काकांनी पुरा केला! फक्त मोजायला तिथं कुणी नव्हतं, आणि ज्याला मोजायचं होतं तो त्याच तारेबरोबर जळत होता. मला हसू आलं, इतकं घाण हसू मला आयुष्यात आलं नव्हतं. काका घाबरले. मग तेही रडायला लागले. "माह्या मांडीवर खेळला व तो. त्याले हलकं सोनं कसं लावू मी?" त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण मिशीवरची खीर मला दिसतच होती, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला नाही. नाहीच फिरवावासा वाटला.

गाडीत सगळा वेळ विचार केला. दुसरी तार आहे ना! पाण्यात न टाकलेली, जोडीची. ती बर्फाच्या भांड्यातच, म्हणजे थर्मासमध्ये, राहिली होती म्हणून काकांच्या नजरेतून सुटली. तिचे दोन तुकडे करीन, एक टाकायचा, एक जोडीला ठेवायचा. तुमच्यापेक्षा आखूड होतील, ठिपका कमी हलेल, पण मला ठिपका वाचता येतो. कॉलेजचं सामान अजून इथंच आहे. न्यायला दोनदा माणूस आला होता, मी कुलूप काढलं नाही. येताना स्टेशनवरून सरळ बर्फाच्या कारखान्यात गेले. तिथला मुनशी मला बघून उभाच राहिला. "बाई, कोन गेलं घरचं?" म्हटलं, कुणी नाही, उद्यापासून रोज एक लादी पाठवा. तो अजून बुचकळ्यात आहे.

चौकट मी भांड्याहून अरुंद करून घेणार आहे, म्हणजे काठाला टेकायचा प्रश्नच नाही. आणि माझा हात थरथरला तर थरथरू दे, पुन्हा करीन, तार संपेपर्यंत करीन. नागपूरच्या सरांना आजच कळवते की तोवर निबंध पाठवू नका.

एक वचन देते तुम्हाला. वर्षभर सगळ्यांनी तुमची नुसती आरती केली, मी करणार नाही. शेवटच्या तापवण्यानंतर शिल्लक गेली, तर तुमचं खरं, आणि ते तुमच्या नावानं छापायला लावीन. पुन्हा पुन्हा करूनही शिल्लक उरलीच नाही, किंवा उरली ती गेली नाही, तर नागपूरचे सर खरे, तार ताणली जात होती, तुमच्याच हातून, आणि त्या दिवशी तुम्ही माझ्यावर उगाच खेकसलात. तेही तुमच्याच नावाखाली छापायला लावीन, एक अक्षर न गाळता. मेलेल्या माणसाला चुकलास म्हणायची इथं कुणाची छाती नाही. माझी आहे. मी तुमची बायको आहे.

तुमची,
कमल